तेरा कोटींच्या गावात

समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला जालना जिल्हा पहिल्या नजरेत भांबावून टाकतो. आमच्या कोकणात नजर कुठे ना कुठे अडते: डोंगराला, माडांच्या रांगेला, नाहीतर रस्त्याच्या वळणाला. इथे ती अडतच नाही. मनमाड-काचीगुडा मार्गावरच्या जालना स्टेशनावर उतरलो, लोखंडी सळयांनी भरलेले ट्रक आणि बियाण्यांच्या दुकानांच्या पाट्या मागे टाकल्या आणि शहर संपताच काळी जमीन समोर आली. ती थेट आभाळाच्या कडेपर्यंत गेली होती. अंतराचा अंदाजच करता येईना. जवळ वाटलेलं झाड अर्ध्या तासानेही तेवढंच लांब राहिलं. मोठेपणा मोजायची सवय या मुलखात आधी डोळ्यांना लावावी लागते. मी ज्या कामासाठी आलो होतो त्यासाठी ही तयारी चांगलीच ठरली, कारण मी एका मोठ्या संख्येचं जन्मगाव पाहायला निघालो होतो.

एसटीने अंबड गाठलं. गावाजवळची टेकडी माशाच्या आकाराची, म्हणून वर बसलेली देवी मत्स्योदरी. तिला खालूनच हात जोडले आणि पुढे घनसावंगीच्या बाजूला निघालो. वाटेत कापूस, तूर, मोसंबीच्या बागा आणि मध्येच उसाचा गडद हिरवा पट्टा. एवढ्या कोरड्या मुलखात ऊस कसा, असं शेजारच्या प्रवाशाला विचारलं. तो म्हणाला, "कॅनॉलचं पाणी हाय ना पाव्हणं. गोदावरीचं." पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा या भागातून जातो. हे पाणी नाशिककडून आलेलं आहे, एवढी नोंद मी मनाशी करून ठेवली. पुढे कुंभार पिंपळगाव आलं आणि तिथून जांब समर्थ.

समर्थ रामदासांचा जन्म या गावातला. शके १५३०, चैत्र शुद्ध नवमी, म्हणजे इ. स. १६०८ ची रामनवमी. घराणं ठोसरांचं. वडील सूर्याजीपंत, आई राणूबाई, थोरले बंधू गंगाधर आणि धाकटा हा नारायण. बाराव्या वर्षी लग्नाच्या मांडवात 'सावधान' ऐकून हा मुलगा निघाला तो नाशिकला पोचला, आणि पंचवटीजवळच्या टाकळीला नंदिनी व गोदावरीच्या संगमाशी राहिला. शेणाचा मारुती असलेली टाकळी ती हीच. तिथे बारा वर्षांत त्याने तेरा अक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप पुरा केला, असं परंपरा सांगते. जांबला हा आकडा लहान मुलालाही ठाऊक आहे. देवळात कुणालाही विचारा, उत्तर एका दमात येतं: "बारा वर्षं, तेरा अक्षरं, तेरा कोटी."

मी लहानपणापासून हे ऐकत आलो होतो. जन्मस्थानाच्या देवळात बसल्यावर मात्र 'तेरा कोटी' या शब्दांनी मला धरून ठेवलं. हा आकडा आपण 'खूप' या अर्थाने ऐकतो आणि सोडून देतो. एका माणसाच्या तोंडून एकेक करून तो उभा राहिला असेल, तर त्याला वजन असलं पाहिजे, लांबी असली पाहिजे, दिवसाचे तास लागले असले पाहिजेत. दर्शन घेऊन बाहेरच्या सावलीत बसलो आणि वहीत लिहिलं: १३,००,००,०००. नऊ अंक.

बारा वर्षं म्हणजे ४,३८३ दिवस. भाग दिला. रोज २९,६६० जप पडतात आणि शेवटी २२० उरतात. दिवस चुकवायचा नाही: ताप आला तरी नाही, गोदावरीला पूर आला तरी नाही. एका सेकंदात एक जप धरला तर रोज ८ तास १४ मिनिटं २० सेकंद. पण तेरा अक्षरं एका सेकंदात स्पष्ट उमटत नाहीत. दीड सेकंद धरला तर १२ तास २१ मिनिटं, दोन सेकंद धरले तर साडेसोळा तासांना १ मिनिट २० सेकंद कमी. परंपरेत असंही सांगतात की सूर्योदयापासून दुपारपर्यंत ते नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून जप करत. ते सहा तास घेतले तर २१,६०० सेकंद होतात, आणि तेवढ्यात २९,६६० जप बसवायचे तर सेकंदाला सव्वापेक्षा जास्त. म्हणजे हा आकडा नदीतल्या उभ्या वेळात मावत नाही. तो पाण्याबाहेर येतो. माधुकरी मागताना, वाट चालताना, निजायच्या आधी, मनातल्या मनात तो चालू राहिला असेल तरच बेरीज जुळते. हे मला कुठल्या प्रवचनात कळलं नव्हतं, ते एका भागाकाराने दाखवलं.

२१,६०० हा आकडा लिहिताना हात थांबला. योगशास्त्रात माणसाच्या दिवसरात्रीतल्या श्वासांची संख्या नेमकी हीच धरतात, मिनिटाला पंधरा या हिशेबाने. मग बारा वर्षांतले श्वास किती? ४,३८३ गुणिले २१,६००, म्हणजे ९,४६,७२,८००. साडेनऊ कोटींनाही कमी. जप तेरा कोटी! झोपेतले श्वास धरूनसुद्धा जपच जास्त. ज्या माणसाने हा संकल्प केला त्याने आपल्या श्वासापेक्षा मोठी संख्या निवडली होती. जांबच्या त्या सावलीत मला हे कळलं आणि अंगावर काटा आला.

माझी आकडेमोड शेजारी बसलेल्या एका आजी पाहत होत्या. हातात गोमुखी, गोमुखीत तुळशीची माळ. त्यांच्यासमोर दोन वाट्या, एकीत चिंचोके, दुसरी जवळजवळ रिकामी. मणी अंगठ्याने मधल्या बोटावर सरके, तर्जनी माळेला लागू नये म्हणून बाजूला ताठ धरलेली. मेरुमणी आला की माळ उलटी फिरे. तो ओलांडायचा नाही. मग एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. दहा चिंचोके झाले की त्या बोटाच्या पेरावर खूण धरत.

"काय हिशेब करायलात?" त्यांनी विचारलं.

"तेरा कोटींच्या माळा किती होतात ते पाहतोय, आजी. पण पूर्ण माळा येत नाहीत. बारा लाख तीन हजार सातशे तीन माळा होतात आणि वर ७६ मणी उरतात."

"उरत नाहीत, लेकरा," त्या म्हणाल्या. "माळंचे शंभरच धरायचे. वरचे आठ चुकल्यामाकल्याचे. एखादा जप तोंडातल्या तोंडात ऱ्हातो, एखाद्या टायमाला ध्यान जातं. देवाला उणं पडू नये."

मी पुन्हा भाग दिला, या वेळी शंभरने. तेरा लाख माळा. एकही मणी बाकी नाही. आजी न पाहताच म्हणाल्या, "तेरा लाख ना?"

माझा भागाकार निःशेष का झाला नव्हता याचं कारण संख्येच्या पोटातच आहे. १०८ म्हणजे दोनदा २ आणि तीनदा ३ यांचा गुणाकार. तेरा कोटींच्या अंकांची बेरीज ४. तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून मूळ संख्येलाही जात नाही. तीन माणसांनी तेरा कोटी सारखे वाटून घ्यायचे ठरवलं तर एक जप उरणारच. १०८ मण्यांची माळ कितीही वेळा फिरवली तरी ती तेरा कोटींवर बरोबर कधीच थांबणार नाही. चुकांसाठी सोडलेले ते आठ मणी हिशेब मात्र पक्का शून्यावर आणून ठेवतात. माळ करणाऱ्यांनी हे अवयव पाडून ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी शंभर मोजायची रीत घातली त्यांच्या रीतीत कोटीची संख्या सुखाने राहते, हे खरं.

कोटी हे स्थान आपल्या मुलखाला जुनं परिचयाचं आहे. जालन्याच्या उत्तरेला अजिंठ्याची रांग आहे, आणि त्याच डोंगरांच्या आधाराने पश्चिमेला चाळीसगावजवळचं पाटण. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, तो त्यांचा नातू चांगदेव याने काढला. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. त्यात कोटी आठवं. पुढे अजून दहा स्थानं बाकी. म्हणजे या मातीत संख्येची शिडी फार उंचपर्यंत बांधून तयार होती. टाकळीच्या मुलाने त्यातली एक पायरी उचलली आणि ती तोंडाने चढून दाखवली.

आता या संख्येचा स्वभाव पाहावा म्हणून मी अवयव पाडायला बसलो. तेरा कोटी म्हणजे १३, सात वेळा २ आणि सात वेळा ५. एवढंच. दोन, पाच आणि तेरा या तीन मूळ संख्यांवर हा सगळा डोलारा उभा. विभाजक मोजले तर आठ गुणिले आठ गुणिले दोन, म्हणजे १२८. आणि ही १२८ संख्या स्वतः तेरा कोटींना निःशेष भाग देते: १०,१५,६२५. आपल्याला भागणारे किती आहेत ती संख्याही जिला भागते, अशा संख्या थोड्याच असतात. जपाचा संकल्प गावाने वाटून घ्यायचा तर हे १२८ विभाजक म्हणजे १२८ सोयी. तेरा जणांत एकेक कोटी, हजार जणांत प्रत्येकी एक लाख तीस हजार, तेराशे जणांत एकेक लाख. आजींनी सांगितलं की त्या रोज अकरा माळा करतात, म्हणजे अकराशे जप. त्या वेगाने एकट्या माणसाला तेरा कोटींना ३२३ वर्षं आणि वर सात-एक महिने लागतील. ३२४ माणसं एकत्र आली तर एका वर्षात काम होतं. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी हाच तेरा अक्षरी मंत्र घरोघर पोचवला, आणि आज महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी मंडळी मिळून तेरा कोटींचा संकल्प सोडतात. एकाने श्वास मागे टाकून केलेलं काम शेकडोंनी फुरसतीच्या घटकांत करावं, ही वाटणी मला फार सुंदर वाटते.

पुढे गेलो तेव्हा वर्ग सापडले. तेरा कोटी म्हणजे १३० गुणिले १,००० चा वर्ग. आणि १३० ही संख्या साधीसुधी नाही. तिचे सर्वांत लहान चार विभाजक १, २, ५ आणि १०. त्यांचे वर्ग १, ४, २५ आणि १००. बेरीज पुन्हा १३०. आपल्या पहिल्या चार विभाजकांच्या वर्गांच्या बेरजेएवढी असलेली दुसरी संख्या अख्ख्या अंकसृष्टीत नाही, ही एकटीच. शिवाय १३० म्हणजे ९ अधिक १२१, आणि ४९ अधिक ८१. म्हणून तेरा कोटी म्हणजे ३,००० चा वर्ग अधिक ११,००० चा वर्ग, तसंच ७,००० चा वर्ग अधिक ९,००० चा वर्ग. आणखी एक जोडी मिळाली तेव्हा मी उठून उभाच राहिलो: २०० चा वर्ग अधिक ११,४०० चा वर्ग. चाळीस हजारांत बारा कोटी नव्याण्णव लाख साठ हजार मिळवा, बरोबर तेरा कोटी.

जपाची एकूण अक्षरं मोजली तर तेरा गुणिले तेरा कोटी, म्हणजे १६९ कोटी. १६९ हा १३ चा वर्ग. आता १३ उलटा लिहा, ३१. त्याचा वर्ग ९६१. तोही १६९ उलटा. अंकांच्या अशा खोड्या पाहिल्या की मराठी माणसाला देवळालीचे द. रा. कापरेकर आठवतात. डहाणूला १९०५ साली जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले, १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी केलेले हे गृहस्थ संख्यांशी खेळत जगभर पोचले. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या, हे नाव त्यांचंच. तेरा कोटी ही हर्षद: बेरीज ४, भागाकार ३,२५,००,०००. या नव्या संख्येच्या अंकांची बेरीज १०, पुन्हा भाग जातो. असं करत ३२५ पर्यंत उतरता येतं, आणि तिथे साखळी थांबते. ही ३२५ म्हणजे १ पासून २५ पर्यंतच्या सगळ्या आकड्यांची बेरीज.

कापरेकरांची सर्वांत गाजलेली संख्या ६१७४. १९४९ साली त्यांनी ती जगापुढे ठेवली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग हलत नाही. देवळाली आणि टाकळी दोन्ही नाशिकच्याच अंगणातली. म्हणून जांबला बसून समर्थांच्या जन्मशकाला कापरेकरांची रीत लावावी असं मनात आलं.

शके १५३०. ५३१० वजा ०१३५, उत्तर ५१७५. मग ५९९४. मग ५३५५. मग १९९८. मग ८०८२. मग ८५३२. आणि सातव्या पायरीला ६१७४. सर्वांत लांबची वाट! इसवी सन १६०८ घेतलं: ८४४२, पुन्हा ५९९४, आणि तीच वाट धरून सातव्याच पायरीला ६१७४. दोन वेगळ्या कालगणनांतली दोन वर्षं दुसऱ्या पायरीला एकमेकांना भेटतात. मग समर्थांनी देह ठेवला तो शक घेतला. सज्जनगड, माघ वद्य नवमी, शके १६०३. ६३१० वजा ०१३६. उत्तर ६१७४. एकाच पायरीत.

यातून काही सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. शक हा माणसाने धरलेला हिशेब आहे आणि जन्ममृत्यूच्या वेळा आकड्यांना विचारून ठरत नाहीत. सात पायऱ्या लागणाऱ्या चार अंकी संख्या भरपूर आहेत. तरीही पेन्सिल चालवताना जो आनंद झाला तो खरा आहे, आणि कापरेकर आयुष्यभर शाळेतल्या मुलांसमोर हाच आनंद उधळत राहिले. गणितात आश्चर्य वाटायला पुरावा लागत नाही, करून पाहावं लागतं.

संध्याकाळी कालव्याच्या पुलावर उभा राहिलो. गोदावरी नाशिकला टाकळीजवळून वाहते, पैठणला जायकवाडीच्या नाथसागरात साठते, तिथून तिचं पाणी कालव्याने या शेतांत शिरतं, आणि नदी स्वतः जालना व बीड यांच्यामधली शीव होऊन पुढे जाते. नारायण ज्या गावातून निघाला त्या गावाच्या तालुक्यात त्याच्या जपाच्या काठचं पाणी आज ऊस आणि मोसंबी पिकवतं.

मला या प्रवासात एक गोष्ट पक्की कळली. मोठी संख्या ऐकून मान डोलावणं म्हणजे तिला न भेटणं. ती रोजच्या तासांत मांडावी, श्वासांशी ताडून पाहावी, मण्यांनी मोजावी, तिचे अवयव पाडावेत. मग तिच्यातला माणूसही दिसतो आणि तिच्यातलं गणितही. दोन्ही पाहिले की भक्ती उणी होत नाही, उलट ती डोळस होते.

म्हणून जालना जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाला माझी विनंती आहे. तुमच्या वर्गाच्या फळ्यावर ही संख्या लिहा: १३,००,००,०००. ती तुमच्या जिल्ह्यातल्या मुलाने मोजलेली आहे, असं सांगा. मुलांना भागाकार करू द्या, तीनने भाग का जात नाही ते शोधू द्या. मोठ्या मुलांसाठी कामही शिल्लक आहे. दोन वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या एकूण आठ प्रकारांनी मांडता येते. तीन जोड्या वर दिल्या आहेत, पाच उरल्या आहेत. एक खूण सांगून ठेवतो: प्रत्येक जोडीतल्या दोन्ही संख्यांना आठने भाग जातो. बाकीचं मुलांनी शोधावं.